इंजिनाच्या हौदातला कान्होबा

त्यांच्या कोटाच्या उजव्या खिशात नेहमी एक काचेचा ग्लास असायचा. ग्लासाच्या जोडीला किल्ल्यांचा जुडगा, त्यामुळे ते चालायला लागले की किणकिण आवाज यायचा. एवढ्यावरून आमच्या भागात पहिल्या महिन्यातच बोभाटा झाला की नवे नायब तहसीलदार पितात. घरी बसून पिणारे अंमलदार लोकांनी पाहिले होते, त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. पण हे गृहस्थ भर दुपारी तळ्याच्या पाळीखाली उकिडवे बसतात, ग्लास भरतात आणि तो उन्हाकडे धरून एक डोळा मिटून बघतात, असं गुराख्यांनी सांगितलं. इतक्या उघडपणे पिणारा साहेब लोकांना नवा होता. माझ्या बायकोनं मला बजावलं की यांना घरी चहाला बोलवायचं नाही.

ग्लासात पाणीच असायचं. पाळीच्या, म्हणजे तळ्याच्या मातीच्या बांधाच्या, पायथ्याशी जिथे जिथे झिरपा लागला होता, तिथलं. पाणी नितळ असलं की ते ग्लास झटकून खिशात टाकत आणि पुढे चालू लागत. गढूळ असलं की तिथेच बसून राहत, मग चपराशानं कितीही खाकरून दाखवलं तरी उठत नसत. नितळ पाणी आलं तर पाळीला नुसता घाम येतोय, गढूळ आलं तर ती आतून विरघळतेय, असं त्यांनी मला पुढे सांगितलं. "घाम येऊ द्या मास्तर, माती येऊ देऊ नका," असं म्हणायचे. जसं काही पाळ माझ्या हातात होती.

मी तेव्हा गोंदियाहून दक्षिणेला जाणाऱ्या छोट्या लाइनीवर एका स्टेशनाचा मास्तर होतो. मूळचा वऱ्हाडातला. या लाइनीवर आलेल्या माणसाला घरचे विसरतात तशी कंपनीही विसरते, त्यामुळे बदली म्हणून माझी कधी झाली नाही. स्टेशन म्हणजे एक खोली, एक गोदाम, एक बाक, तारेचं यंत्र, आणि इंजिनाला पाणी देणारा पंप व त्याचा दगडी हौद. हे सगळं मुरमाच्या उंचवट्यावर बांधलेलं, त्यामुळे बाकावर बसलं की अख्खं गाव खाली दिसायचं. पलीकडे मालगुजारांचं, म्हणजे गावच्या जमीनदारांचं, तळं, त्याची लांबलचक मातीची पाळ, पाळीखाली गाव आणि गावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. तळं बांधायच्या आधी जो नाला वाहत होता, त्याच्या जुन्या पात्राला लागून खालचा टोला होता. तिथे गोंडांची आणि महारांची घरं. पाळ फुटली तर पाणी आधी कुठे शिरेल हे सांगायला शहाणा माणूस लागत नव्हता. पण या गृहस्थांच्या आधी कोणी ते बोलून दाखवलं नव्हतं.

लोक त्यांना 'नाहीतर साहेब' म्हणत. तोंडावर नव्हे, अर्थात. कोणी काहीही सांगितलं की ते मान डोलवत, जरा थांबत आणि विचारत, "आणि नाहीतर?" गाडी दहाला येते साहेब. आणि नाहीतर? पाऊस आज उघडेल साहेब. आणि नाहीतर? चहावरची बंदी उठल्यावर ते एकदा आमच्याकडे आले होते, तेव्हा बायकोनं मोठ्या कौतुकानं सांगितलं की आमच्या मुलीचं अमक्या घरी जवळजवळ ठरलंच आहे. यांनी कप खाली ठेवला आणि तेच विचारलं. ती आत जाऊन रडली. यांना ते कळलंही नाही. त्यांनी कागदावर दुसऱ्या एका स्थळाचा पत्ता लिहून माझ्या हातात दिला. आता लपवायचं कशाला, पहिल्या घरानं नकार दिला आणि मुलगी शेवटी त्या दुसऱ्याच घरी पडली. सुखात आहे.

अशा माणसाच्या सहवासात राहणं काही सुखाचं नसतं. काळजी खरजेसारखी असते, जवळ बसणाऱ्याला लागते. ते यायच्या आधी मी पावसाळ्यात गाढ झोपत असे. ते आल्यावर कौलांवर सर वाजली की मला तळं दिसायला लागे. मी त्यांच्यावर चिडायचो. दुसऱ्या तहसिलीतले नायब पानसुपारी खाऊन पेन्शनीत जातात आणि आपल्याच वाट्याला हा माणूस का यावा, असं मी बायकोला कितीदा म्हणालो असेन.

तळ्याचं प्रकरण असं होतं. तळं मालगुजारांचं, त्यांच्या आजोबांनी बांधलेलं. पण मागे कधीतरी सरकारी खात्यानं सांडवा उंच करून दिला होता, पाणी जास्त मावावं म्हणून. तेव्हापासून पाळीला झिरपा लागला. मालगुजार म्हणत, सांडवा सरकारनं वाढवला, आता पाळही सरकारनं बघावी. इरिगेशनचे ओव्हरसियर म्हणत, तळं खाजगी आहे, मालकाचा अर्ज आल्याशिवाय आम्ही फावडं लावणार नाही. मालगुजार अर्ज करत नव्हते, कारण अर्ज केला की खातं आधी तळं रिकामं करा म्हणणार. गाव हलवायचं तर मोठ्या साहेबांचा हुकूम पाहिजे, हुकमाला ओव्हरसियरचा दाखला पाहिजे, आणि दाखल्याला पुन्हा मालकाचा अर्ज. रेल्वेचा भराव पाण्याच्या वाटेत आडवा पडलेला, त्याखाली एक अरुंद मोरी. त्या मोरीबद्दल रेल्वेचं म्हणणं असं की ती पुरेशी आहे. इथे रेल्वे म्हणजे मी, आणि माझं म्हणणं वरून येत असे.

नाहीतर साहेबांची काम करायची रीत जगावेगळी होती. ते स्वतःच्या कचेरीत क्वचित सापडत. दुसऱ्यांच्या कचेरीत जाऊन बसत. ओव्हरसियरच्या दारातल्या स्टुलावर त्यांनी दिवसच्या दिवस काढले होते, काही न बोलता, ग्लास मांडीवर घेऊन. ओव्हरसियर जेवायला उठला की हेही उठत, तो परत आला की परत येत. मालगुजारांच्या ओसरीवर तसेच, माझ्या बाकावर तसेच. मी एकदा विचारलं की तुम्ही सरळ लिहून का कळवत नाही. तेव्हा ते म्हणाले की पूर्वी कळवत होतो. नोकरीच्या सुरुवातीला, दूर कुठल्याशा नदीकाठी, गावाला धोका आहे असं त्यांनी वर लिहून कळवलं होतं आणि उत्तराची वाट बघत बसले होते.

"उत्तर आलं का मग?" मी विचारलं.

"आलं. चांगलं सविस्तर आलं. गाव नव्हतं."

त्यानंतर मी त्यांच्यावर चिडणं थांबवलं असं नाही, पण कमी केलं.

जर्मनीशी लढाई सुरू व्हायच्या आधीचा एक श्रावण फार वाईट गेला. तळं काठोकाठ भरलं, सांडव्यावरून पाण्याची जाड चादर पडू लागली, आणि गोकुळाष्टमीच्या दिवशी सकाळी हे पाळीवरून सरळ माझ्या खोलीत आले. खिशातून ग्लास काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. पाणी चहासारखं होतं. थोड्या वेळानं तळाला माती बसली आणि आम्ही दोघं त्या मातीकडे बघत राहिलो.

त्यांनी ओव्हरसियरला आणि मालगुजारांना माझ्या बाकावर बोलावलं. जागा कोणाचीच नाही म्हणून दोघंही आले. ओव्हरसियरनं ग्लास बघितला आणि अर्जाबद्दल विचारलं. मालगुजार म्हणजे पवार जातीतला भारदस्त माणूस, बोलायला रोखठोक, पाळीला 'पार' म्हणणारा. ते म्हणाले, "माया आज्यानं बांधली हे पार. तवापासून हालली नाई. तुमी काऊन एवढे भेऊन राहिले, साहेब?"

साहेबांनी निदान तुडुम उघडा म्हणून विनवलं. तुडुम म्हणजे तळ्यातून पाणी सोडायचं तोंड.

"तुडुम खोललं त पानी जाईल. मंग कार्तिकात धानाले काय पाजू? तुमचा कागद?"

मालगुजार दुष्ट नव्हते. कार्तिकात पाणी नाही मिळालं तर धान वाळून जातं आणि गाव उपाशी राहतं, हे त्यांचंही खरंच होतं. म्हणून तर प्रश्न सुटत नव्हता. मी गोंदियाला तार केली. दुपारी उत्तर आलं की मोठे साहेब दौऱ्यावर आहेत, अहवाल पाठवावा.

मग हे छत्री घेऊन गावात उतरले आणि घरोघर सांगत फिरले की दोन दिवस वर स्टेशनाजवळ येऊन राहा. कोणी ऐकलं नाही. ऐकणार कसे? त्या दिवशी घरोघर कान्होबा बसायचा होता. आमच्या या भागात अष्टमीला मातीचा कान्होबा आणून बसवतात, रात्रभर भजन करतात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नेऊन तळ्यात शिरवतात, म्हणजे विसर्जन करतात. देव घरात बसलेला असताना घर सोडून जायचं, हे गावाच्या कल्पनेतच बसत नव्हतं. लोकांनी सांगितलं, साहेब, देव शिरवला की मग पाहू.

ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना. "मास्तर, रात्री घर सोडत नाहीत ते एक. पण उद्या काय होणार आहे ते लक्षात आलं का तुमच्या?" मला आलं नव्हतं. उद्या दुपारी सगळं गाव, ढोल-झांजांसकट, बायकापोरांसकट, कान्होबा घेऊन त्या पाळीवर जाऊन उभं राहणार होतं. देव शिरवायच्या घाटाची जागा आणि गढूळ झिरप्याची जागा एकच होती.

पुढे त्यांनी जे केलं ते मी कितीदा आठवलं आहे. माणसं बुडतील हे सांगून ज्यांनी ऐकलं नव्हतं, त्या मालगुजारांकडे ते संध्याकाळी पुन्हा गेले आणि माणसांबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. पाळीवर घोटाभर चिखल झालाय, एवढंच म्हणाले. उद्या कोणी देव घेऊन घसरलं आणि कान्होबा शिरवायच्या आधीच भंगला, तर? मालगुजारांनी पहिल्यांदा काळजीनं त्यांच्याकडे बघितलं. देव भंगलेला त्यांना चालणार नव्हता. मग शिरवायचा कुठे? बोड्या म्हणजे शेतातली छोटी तळी, विहिरी, नाला, सगळं पाणी पाळीच्या खालच्या अंगाला. वर, उंचावर, पाणी एकाच ठिकाणी होतं. इंजिनाच्या हौदात.

"परवानगी मागायला आलो नाही," साहेब माझ्यासमोर बसून म्हणाले. "मागितली तर तुम्हाला नाही म्हणावं लागेल. उद्या दुपारी हौदाकडचं फाटक उघडं असेल का, एवढंच विचारतो."

"असेल," मी म्हणालो.

"आणि नाहीतर?"

"नाहीतर काय? मोडकंच आहे ते. लागतच नाही."

आमचा पंपवाला रायपूरकडचा होता. त्याला हे कळल्यावर तो कपाळाला हात लावून बसला. "मास्टरजी, पंप में मिट्टी जाएगी तो पानी नहीं चढ़ेगा. फिर गाड़ीवाले को आप समझाना." मी समजावीन म्हटलं. काय समजावणार होतो ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाऊस होताच. ढोल वाजायला लागले आणि मिरवणूक पाळीकडे न वळता मुरमाच्या चढावर आली. डोक्यावर पाट, पाटावर कान्होबा, वर घोंगड्या धरलेल्या. मातीच्या देवाला पाऊस चालत नाही. सगळ्यांत पुढे मालगुजारांचा कान्होबा, मान त्याचा. मला हायसं वाटलं. साहेब मात्र हौदाच्या काठावर उभे राहून माणसं बघत होते आणि त्यांचं ओठ चावणं चालूच होतं.

"खालचा टोला कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

खालच्या टोल्यात कान्होबा बसत नव्हता, आणि बसला असता तरी त्यांना या मिरवणुकीत कोणी बोलावलं नसतं. ज्यांच्या घरात पाणी आधी शिरणार होतं, तेच तेवढे घरी होते. देवाच्या नावानं गाव वर आणायची युक्ती मला मोठी हुशारीची वाटली होती. तिच्यात हे भोक राहिलं होतं, आणि ते त्यांच्याशिवाय कोणाला दिसलं नाही.

मग त्यांनी मालगुजारांच्या गड्याच्या डोक्यावरून कान्होबा उचलला, हौदाच्या काठावर बसकण मारली, देव मांडीवर घेतला आणि त्याच्यावर छत्री धरली. आपण भिजत राहिले. म्हणाले, खालचा टोला वर येईपर्यंत हा देव मी सोडणार नाही. ढोल थांबले. मालगुजारांचा चेहरा लाल झाला. त्यांनी विचारलं, ते लोक इथे येऊन काय करणार, त्यांचा देव कुठे आहे? साहेब शांतपणे म्हणाले की हौद रेल्वेचा आहे, आणि रेल्वेच्या डब्यात कोण कोणाला विचारून बसतं? सरकारी माणसाच्या मांडीवरून देव ओढून कसा घ्यायचा, हे कोणालाच सुचेना. ओढाताणीत भंगला तर? ती भीती त्यांनीच आदल्या दिवशी घालून ठेवली होती.

अखेर मालगुजारांनी कोतवालाला खाली पिटाळलं. बऱ्याच वेळानं टोल्यातली माणसं चढावर दिसली. पुढे एक म्हातारी गोंडीण होती, टोल्यात तिचा शब्द चालायचा. ती अंतरावर थांबली आणि म्हणाली, "आमच्या घरी त कान्होबाच नाई बसत, जी. आमी कायले येऊन?"

"माझ्याही घरी बसत नाही," साहेब म्हणाले. "या. नारळ तुम्ही फोडा."

असं कधी झालं नव्हतं. पण पाऊस कोसळत होता, देव अडकून पडला होता, आणि सगळ्यांना एकदाचं सुटायचं होतं. म्हातारीनं हौदाच्या दगडावर नारळ फोडला. मालगुजारांचा कान्होबा पाण्यात गेला, त्याच्यामागे बाकीचे. काला वाटला. साहेबांनी माझ्या गोदामाचं दार उघडायला लावलं आणि पाऊस थांबेपर्यंत कोणाला खाली उतरू दिलं नाही.

आणि पाळ टिकली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. लोक घरी गेले. जाताना हसत होते, त्यांचं तरी काय चुकलं? पाळ टिकल्याचा आनंद ज्याला सगळ्यांत जास्त झाला होता, त्यालाच सगळे हसत होते. "मी खोटा ठरलो मास्तर," ते मला म्हणाले, "याहून चांगली बातमी कोणती?" आणि ते खरंच खूश होते. मग लगेच म्हणाले, "पण पुढच्या वेळी हे येणार नाहीत."

पंप चिखलानं बसला. इंजिनाला पाणी मिळालं नाही, गाडी खोळंबली, आणि गाडीत रेल्वेचेच एक बडे अधिकारी होते. हौदात देव कोणी टाकले याची चौकशी लागली. माझी बढती अडली, फाटक मोडकं होतं म्हणून नोकरी वाचली. साहेबांवर मात्र दोन्हीकडून आलं. रेल्वेची तक्रार वेगळी, आणि रयतेत विनाकारण घबराट पसरवली ही मालगुजारांची वेगळी. त्यांना देवरीकडे जंगलात पाठवलं. तिथे तळ्याचा त्रास नव्हता, पण ऐकलं की उन्हाळा लागला की ते वणव्याच्या काळजीनं झाडाझाडाखालचा पाचोळा तपासत फिरायचे. नायब होते ते नायबच राहिले आणि तिथूनच पेन्शनीत गेले.

पण पुढल्या वर्षी एक गंमत झाली. तळं पुन्हा काठोकाठ भरलं, अष्टमी आली, आणि पाळीवर चिखल होता. लोकांनी आपसात ठरवलं, मागच्या वर्षी हौदावर देव कसा निवांत शिरवला, धान बी चांगला पिकला, औंदाही तिकडेच नेऊ. मी धावपळ करून हौदात एक कप्पा विटांनी वेगळा बांधून घेतला, म्हणजे पंपाला माती लागू नये. आणि खालचा टोला येईपर्यंत सगळे थांबले, म्हातारीनं नारळ फोडला, मग देव पाण्यात गेले. मी विचारलं, आता कशाला थांबता, आता कोणी अडवत नाही. तर माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघून म्हणाले, असंच असते जी. एका पावसात साहेबांनी हट्टानं केलेली गोष्ट यांची रीत होऊन बसली होती. कमी पावसाच्या वर्षी तळ्यावर जायचे, तळं भरलं की हौदावर. त्यात भीतीचा भाग कोणाला आठवत नव्हता. मी मात्र दरवेळी बाकावर बसून पाळीकडे बघायचो. खरूज गेली नव्हती.

लढाई संपली त्या सुमाराची गोष्ट. पुन्हा तसाच श्रावण. मिरवणूक वर आली, कान्होबे हौदाच्या काठाला ओळीनं मांडले, पण खालच्या टोल्याचा पत्ता नव्हता. निरोप आला की कोणाची तरी गाय अडली आहे, सगळे तिथे आहेत, तुम्ही उरकून घ्या. पावसात पोरं कुडकुडत होती. मालगुजारांचा मुलगा आता कर्ता झाला होता. तो म्हणाला, बाबा, एक वर्ष नाही थांबलो तर काय होतं, घेऊ नारळ फोडून. बरेच जण हो म्हणाले. मी बोलायला तोंड उघडलं, पण मी बाहेरचा, मला काय अधिकार? तेवढ्यात म्हातारे मालगुजार बोलले. तेच, ज्यांनी तक्रार केली होती.

"खालचा टोला आल्याबिगर नाई. त्या साहेबानं माया कान्होबा मांडीवर धरून ठेवला होता. इसरले का? जा, बंडी घेऊन जा. गाईले बी आना."

मुलगा धुसफुसत बंडी घेऊन गेला. तो आता येत नाही असं मला वाटायला लागलं होतं, तेव्हा बंडी चढावर दिसली. बंडीत गाय, मागे सगळा टोला चिखलातून चालत, आणि म्हातारी आता इतकी वाकलेली की तिला नातवानं पाठीवर घेतलेलं. तिला हौदाजवळ उतरवलं. कोणीतरी हातात नारळ दिला. तिनं तो वर उचलला आणि तसाच धरून ती पाळीकडे बघत राहिली.

आवाज मोठा नव्हता. एखादी जुनी भिंत बसकण मारते तसा, धप्प. घाटाच्या जागी पाळीला खाच पडली आणि बघता बघता ती एवढी रुंद झाली की पलीकडचं तळं दिसायला लागलं. पाणी जुन्या नाल्याची वाट विसरलं नव्हतं. खालचा टोला आम्ही बघत असतानाच गेला. मग गावातली कौलं एकेक करून आत बसत गेली. मोरीला पाणी मावेना, ते रुळांपर्यंत चढलं आणि आमचा उंचवटा तेवढा बेटासारखा उरला. ढोलवाल्याच्या हातातल्या काठ्या तशाच वर राहिल्या होत्या.

म्हातारे मालगुजार म्हणाले, "बाई, नारळ." आणि तिनं फोडला. दोनदा आपटावा लागला.

माणूस एकही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं, आणि ज्यांना कित्येक वर्षं एकत्र बसायला वेळ झाला नव्हता ती सगळी खाती माझ्या बाकावर हजर झाली. पाळ आपल्या खात्याकडे नव्हती हे प्रत्येकाला लवकरात लवकर नोंदवायचं होतं. मदतीच्या तांदळानं भरलेला गाडीचा डबा मात्र वेळेवर आला, ते खोटं बोलणार नाही.

मी रजा काढून भंडाऱ्याला गेलो. साहेब पेन्शनीत निघाल्यापासून तिथे भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. खूप वाळले होते. खिडकीत तोच ग्लास, नळाच्या पाण्यानं भरलेला, उन्हात ठेवलेला. मी सगळं सांगितलं. ते मधे मधे विचारत राहिले, गुरं? सोडली होती. बियाणं? गेलं. गाय? व्याली, गोदामात. म्हातारी? आहे. मग त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. मला वाटलं, या माणसाला आता तरी निवांत झोप लागेल. माझेच डोळे भरून आले होते.

"पाळ पुन्हा बांधताहेत?" त्यांनी विचारलं.

"हो, काम सुरू आहे. सरकार आणि मालगुजार मिळून. दगडाची. लोक म्हणतात, आता शंभर वर्षं हलत नाही."

त्यांनी मान डोलवली. जरा थांबले. "आणि नाहीतर?"

मी खिडकीतल्या ग्लासाकडे बघितलं.

"आता ते हौदावर येणार नाहीत मास्तर. पाळ चांगली आहे म्हटल्यावर कशाला येतील? काही वर्षं काही होणार नाही. मग खालच्या टोल्यासाठी थांबायचं असतं हेच कोणाला माहीत नसेल." त्यांनी माझा हात धरला. हात गरम होता, ताप असावा. "एक तरी कान्होबा दरवर्षी वर आला पाहिजे. एक जरी आला तरी रीत चालू राहते."

उन्हाळ्यात ते गेल्याचं मला कळलं.

पावसाळ्याआधी पाळ बांधून झाली. खरोखरच देखणी झाली. अष्टमीला लोकांनी ठरवलं की यंदा कान्होबा नव्या पाळीवर, थाटानं. मी कुंभाराकडे जाऊन एक लहानसा कान्होबा घेऊन आलो. बायको म्हणाली, अहो, आपल्याकडे ही रीत नाही. मग तिनंच पाट पुसून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळीवर ढोल वाजायला लागले तेव्हा मी कान्होबा घेऊन एकटाच हौदावर गेलो. पाऊस होता. काठावर बसलो, देव मांडीवर घेतला आणि त्याच्यावर छत्री धरली. सगळं गाव पाळीवर उभं होतं. खालच्या टोल्यातल्या नव्या घरांतून कोणीतरी निघताना दिसलं. नातवाच्या पाठीवर म्हातारी होती, मागून टोल्यातली बायकापोरं येत होती. तिला माझ्याजवळ उतरवलं तेव्हा तिनं पदराखालून नारळ काढला आणि मांडीवरच्या देवाकडे बघत विचारलं, "तुमच्या घरी कवापासून बसाले लागला, मास्तर?"

"या वर्षापासून," मी म्हणालो.